सीझरचा अहवाल आणि सैनिकांचे मोजे

२०२३च्या सप्टेंबरमध्ये इन्स्टाग्रामवर एक प्रश्न जगभर फिरला. बायका आपल्या नवऱ्याला, मित्राला, भावाला कॅमेरा चालू ठेवून विचारत होत्या, ‘रोमन साम्राज्याचा विचार तुझ्या डोक्यात किती वेळा येतो?’ आणि पुरुष निर्विकार चेहऱ्याने सांगत होते, ‘रोज’, ‘आठवड्यातून तीनदा तरी’. गंमत म्हणून ठीक होतं. पण या मंडळींच्या डोक्यात नेमकं कुठलं रोम येतं, हे कुणी फारसं विचारलं नाही. रीलमधलं रोम आपल्याला पाठ आहे. संगमरवरी पुतळे, लाल झगे, ढालींची भिंत, ‘ग्लॅडिएटर’मधला रसेल क्रो, आणि खाली शिस्त, संयम वगैरेंवर एखादं वाक्य. त्या रोममध्ये कुणाचे डोळे येत नाहीत, कुणाचे पैसे अडकत नाहीत, आणि जिंकलेल्या गावातल्या माणसांचं पुढे काय झालं हा प्रश्न तर पडतच नाही.

हे रोम इन्स्टाग्रामने घडवलेलं नाही. त्याला एक फार जुना आणि फार हुशार लेखक आहे, जूलियस सीझर. त्याने गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्स-बेल्जियममधल्या, आपल्या युद्धांबद्दल लिहिलेली टिपणं दोन हजार वर्षं वाचली जात आहेत. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी लॅटिनचे पहिले धडे त्यांतूनच गिरवले. मला लॅटिन येत नाही. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि हे पुस्तक कॅरोलिन हॅमंड यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचलं. वाचताना शेजारी आणखी एक गोष्ट ठेवली होती. ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या विंडोलांडा नावाच्या रोमन ठाण्यात सापडलेल्या लाकडी पट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या. सीझरनंतर दीडशे वर्षांनी लिहिलेल्या, पुस्तक व्हावं म्हणून न लिहिलेल्या. हे दोन्ही मजकूर एकमेकांशेजारी ठेवले, की सत्तेची भाषा कशी चालते हे जितकं स्पष्ट दिसतं, तितकं कुठल्याही एकट्या पुस्तकातून दिसत नाही, असं माझं मत आहे.

तृतीयपुरुषी सीझर

आधी सीझरचं पुस्तक काय आहे ते पाहू. इ.स.पू. ५९मध्ये सीझर रोमचा कॉन्सल होता. पदावर असताना त्याने नियम बरेच वाकवले होते, डोक्यावर कर्ज होतं, आणि पद संपताच खटले भरायला विरोधक टपून बसले होते. मात्र प्रांताचा अधिकारी असेपर्यंत त्याच्यावर खटला चालू शकत नव्हता. इ.स.पू. ५८मध्ये तो गॉलमध्ये गेला आणि तिथे त्याने सलग युद्धं केली. कर्जावर लूट हा उपाय होता. बदनामीवर उपाय होता हा मजकूर. एका वर्षाला एक भाग, असे सात भाग त्याने लिहिले. आठवा भाग त्याचा सहकारी हिर्टियसने नंतर जोडला.

या मजकुराचं सगळ्यात प्रसिद्ध वैशिष्ट्य म्हणजे सीझर स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. सीझरला कळलं, सीझरने ठरवलं, सीझरने हुकूम दिला. वाक्यं छोटी, विशेषणं जवळपास नाहीत. सिसेरो राजकारणात सीझरचा मित्र नव्हता, पण त्यानेही या शैलीचं कौतुक केलं. अंगावरचे सगळे दागिने-कपडे उतरवून ठेवलेल्या सुंदर देहासारखी ही भाषा आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला.

आमच्या धंद्यात ही भाषा ओळखीची आहे. मोठ्या बिघाडानंतर जो अहवाल लिहितात, त्यात कुणी ओरडत नाही, कुणी रडत नाही. अमुक वाजता अमुक दिसलं, अमुक निर्णय घेण्यात आला, अमुक पूर्ववत झालं. या कोरडेपणाचा फायदा असा, की वाचणाऱ्याला ते तटस्थ वाटतं. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी आमच्या टीममधली सात माणसं दुपारपर्यंत चॅटमधून नाहीशी झाली होती. संध्याकाळच्या मेलमध्ये ‘संसाधनांची पुनर्रचना करण्यात आली’ असं एक वाक्य होतं. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, खोटंही काही नव्हतं. फक्त त्यात कर्ता नव्हता आणि माणसं नव्हती.

सीझर त्याहून वरचढ आहे. तो कर्ता लपवत नाही. कुठे दाखवायचा, ते ठरवतो. विजयात कर्ता सीझर असतो. इ.स.पू. ५४च्या हिवाळ्यात एब्युरोन जमातीचा प्रमुख अँबिओरिक्सने दीड लीजन इतकं रोमन सैन्य छावणीतून बाहेर काढून कापून काढलं. तिथे कर्ता सबायनस आहे, सीझरचा हाताखालचा अधिकारी. त्याची घालमेल, त्याचा हट्ट, सहकाऱ्याशी झालेला वाद, सगळं तपशीलवार येतं. सीझर तिथे नव्हता, त्यामुळे या वादाचा शब्दन्‌शब्द त्याला कसा कळला, हे विचारायचं भान वाचकाला राहत नाही, इतका तो प्रसंग जिवंत उतरला आहे.

पुलाला एक प्रकरण, गावांना एक ओळ

या पुस्तकातला मला मनापासून आवडलेला भाग म्हणजे ऱ्हाइन नदीवरचा पूल. इ.स.पू. ५५मध्ये सीझरने जर्मन टोळ्यांना दरारा बसवायला ऱ्हाइन ओलांडायचं ठरवलं. होड्यांनी जाणं त्याला रोमच्या इभ्रतीला शोभणारं वाटलं नाही. मग लाकूड गोळा करायला सुरुवात केल्यापासून दहा दिवसांत पूल उभा राहिला. तो कसा, याला अख्खं प्रकरण आहे. दीड फूट जाडीचे खांब दोन-दोनच्या जोडीने, सरळ न ठोकता छपराच्या वाशांसारखे तिरके. समोर चाळीस फुटांवर प्रवाहाच्या विरुद्ध कललेली दुसरी जोडी. मधे आडवी तुळई. रचना अशी, की पाण्याचा जोर जितका वाढेल तितके सांधे घट्ट बसतील. वरच्या अंगाला वेगळे खांब, म्हणजे शत्रूने ओंडके सोडले तरी पुलाला धक्का बसू नये. वाचताना कुठल्याही इंजिनिअरला पेन्सिल घेऊन आकृती काढावीशी वाटेल.

आणि पूल ओलांडून सीझरने काय केलं? गावं आणि घरं जाळली, उभं पीक कापलं आणि परत आला. अठरा दिवसांनी पूल तोडून टाकला. या सगळ्याला मिळून जेमतेम एक-दोन वाक्यं.

माझ्या मते सीझर वाचायची किल्ली इथे आहे. तो काय सांगतो यापेक्षा कशावर किती शब्द खर्च करतो, ते मोजावं. पुलाला प्रकरण, गावांना ओळ. त्याने काहीही दडवलेलं नाही. गावं जाळल्याचं तो स्वतःच सांगतो. पण तोवर आपण तिरक्या खांबांच्या कौतुकात असतो आणि ती ओळ नजरेखालून सरकून जाते. साधनांचं वर्णन इतकं रसाळ करायचं, की कशासाठी हे विचारायचं राहून जावं. हे तंत्र जुनं झालेलं नाही. एखाद्या नव्या ड्रोनची बातमी उघडून पाहा. पल्ला, वजन, उंची, अचूकता. तो जिथे पडला, त्या जागेचं नाव शेवटच्या परिच्छेदात.

आकडे

सीझरला आकडे आवडतात, आणि आकडे असले की आपण मजकुरावर लवकर विश्वास ठेवतो.

पहिल्याच भागात हेल्वेशियन लोक आजच्या स्वित्झर्लंडमधला आपला मुलूख सोडून पश्चिमेकडे निघतात. सीझर त्यांना हरवतो. मग त्यांच्या छावणीत ग्रीक लिपीत लिहिलेल्या याद्या सापडल्याचं तो सांगतो. हेल्वेशियन २,६३,०००. त्यांच्यासोबतच्या इतर जमाती ३६,०००, १४,०००, २३,००० आणि ३२,०००. एकूण ३,६८,०००. त्यांपैकी शस्त्र धरू शकणारे ९२,०००. परत पाठवताना मोजदाद केली, तेव्हा उरले १,१०,०००.

मी दोन आकडेमोडी केल्या. पहिली, ३,६८,०००चा बरोबर चौथा हिस्सा ९२,००० होतो. अगदी नेमका, एक माणूस इकडे नाही की तिकडे नाही. खऱ्या मोजणीतून आलेला डेटा सहसा असा वागत नाही. हा आकडा मोजलेला नसून ‘चौघांत एक लढणारा’ असं धरून काढलेला असावा, ही शंका मोठ्या अभ्यासकांनाही आहे. दुसरी आकडेमोड वजाबाकीची. ३,६८,०००तून १,१०,००० गेले की उरतात २,५८,०००. ही वजाबाकी सीझर करत नाही. दोन्ही संख्या शेजारी ठेवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. काही पळाले असतील, काही इतरत्र राहिले असतील, मूळ आकडाच फुगवलेला असेल. पण लेखकाने स्वतःच दिलेल्या हिशेबात अडीच लाख माणसांची तफावत आहे आणि तिच्यासाठी एक शब्दही नाही.

दुसरा आकडा इ.स.पू. ५७चा. अदुआतुकी जमातीने शरणागती पत्करून रात्री पुन्हा हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सीझरने अख्खी वस्ती एका खेपेत विकली. किती माणसं? ५३,०००. हा आकडा आपल्याला खरेदीदारांनी कळवला, असं तो लिहितो. त्या एका शब्दाने पडदा थोडासा बाजूला होतो. सैन्याच्या मागे मागे गुलामांचे व्यापारी चालत होते, रोकड आणि साखळदंड घेऊन. विजय झाला की त्याच जागी बाजार भरत होता. रीलमधल्या ढालींच्या भिंतीमागे हे लोक कधी दिसत नाहीत.

रोममध्ये हे अहवाल पोहोचले की देवांचे आभार मानायचे उत्सव जाहीर होत. इ.स.पू. ५७ला पंधरा दिवसांचा, ५५ला आणि ५२ला वीस-वीस दिवसांचा. वाचकवर्ग असा होता. पण सगळेच टाळ्या पिटत नव्हते, हेही खरं. इ.स.पू. ५५मध्ये तहाची बोलणी चालू असताना सीझरने दोन जर्मन जमातींवर, बायकामुलांसकट, हल्ला केला. तेव्हा सिनेटमध्ये केटोने सीझरलाच त्या जर्मनांच्या ताब्यात द्यावं अशी सूचना मांडली होती. ‘त्या काळचे मापदंड वेगळे होते’ हे वाक्य आपण फार पटकन वापरतो. त्या काळातसुद्धा हे पटलं नाही अशी माणसं होती. केटोचं सीझरशी राजकीय वैर होतं हे मान्य करूनही हे उरतंच.

अलेसियाची दोन प्रकरणं

पुस्तकाचा कळस सातव्या भागात आहे. इ.स.पू. ५२. व्हर्सिंजेटोरिक्सच्या नेतृत्वाखाली गॉलमधल्या बऱ्याचशा जमाती एकत्र येतात आणि शेवटी अलेसिया नावाच्या डोंगरावरच्या गावात अडकतात. सीझर गावाभोवती अकरा रोमन मैलांचा वेढा बांधतो. बाहेरून मदतीला फौज येणार हे कळल्यावर तिच्याकडे तोंड करून चौदा मैलांचा दुसरा. खंदक, मेढेकोट, बुरूज, आणि पुढे टोकदार खुंट पुरलेले, वरून काटक्यांनी झाकलेले खड्डे. फुलासारखे दिसतात म्हणून सैनिक त्या खड्ड्यांना ‘लिली’ म्हणत. इथेही साधनांचं वर्णन अप्रतिम आहे.

पण मला थांबवलं ते ७७ आणि ७८ या दोन प्रकरणांनी.

आत धान्य संपत आलं आहे. गावात सभा भरते. क्रिटोग्नाटस नावाचा एक सरदार उठतो. सीझर सांगतो, याचं भाषण विलक्षण क्रूर होतं म्हणून मी ते देतो आहे. आणि मग लांबलचक थेट भाषण येतं. क्रिटोग्नाटस म्हणतो, शरण जाऊ नका. पूर्वी किंब्री आणि ट्यूटन लोक चालून आले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी लढाईच्या उपयोगाची नसलेली माणसं खाऊन दिवस काढले, पण हार मानली नाही. आणि ते शत्रू निदान मुलूख उजाड करून निघून तरी गेले. रोमनांना मात्र आपल्या जमिनीवर बसायचं आहे आणि आपल्याला कायमचं गुलाम करायचं आहे.

अख्ख्या पुस्तकातली रोमवरची सगळ्यात धारदार टीका सीझरने शत्रूच्या तोंडी, आणि तीही नरभक्षणाच्या प्रस्तावाला चिकटवून दिली आहे. टीका ऐकू येते, पण ती करणारा राक्षस ठरतो. विरोधकाला गप्प करण्यापेक्षा ही रीत जास्त परिणामकारक आहे. रोज संध्याकाळी वाहिन्यांवर आपण तीच पाहतो.

पुढचं प्रकरण लहान आहे. सभा क्रिटोग्नाटसचा प्रस्ताव बाजूला ठेवते आणि लढाईला निरुपयोगी माणसांना बाहेर काढायचं ठरवते. हे गाव मांदुबी जमातीचं. लढवय्यांना आसरा दिला होता तो त्यांनीच. आता त्यांनाच बायकामुलांसकट तटाबाहेर काढलं जातं. ते रोमन मेढेकोटापाशी येतात. रडत विनवतात, आम्हाला गुलाम करा, पण खायला द्या. सीझर तटावर पहारे बसवतो आणि त्यांना आत घ्यायला मनाई करतो.

संपलं. त्यानंतर पुस्तकात मांदुबींचं पुढे काय झालं ते येत नाही. बाहेरून मदतीची फौज येते, मोठी लढाई होते, व्हर्सिंजेटोरिक्स शरण येतो. दोन तटबंद्यांच्या मधल्या त्या जागेत माणसं होती, हे वाचकाने स्वतः लक्षात ठेवायचं. ती तिथेच मेली हे आपल्याला दुसऱ्याच एका इतिहासकाराकडून, कॅसियस डिओकडून, अडीचशे वर्षांनी कळतं.

क्रूर कोण, याचा निवाडा सीझरने ७७व्या प्रकरणात करून टाकला. ७८व्यात तो फक्त हकिगत सांगतो. प्रकरणांचा क्रम हीच त्याची बाजू मांडण्याची रीत आहे.

चिखलातल्या चिठ्ठ्या

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. बखर वाचायची की कागद, हा वाद आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रंगला. १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना राजवाड्यांचा आग्रह हाच होता, की नंतर रचलेल्या कथेपेक्षा त्या-त्या दिवशी, कामाच्या गरजेतून लिहिलेला कागद मोलाचा. रोमच्या बाबतीत असा रोजच्या कामाचा कागद सहसा टिकत नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकला. आणि अनपेक्षितपणे इंग्लंडच्या चिखलात.

१९७३मध्ये विंडोलांडाला उत्खनन करताना रॉबिन बर्ली यांना लाकडाचे पातळ तुकडे सापडले. पोस्टकार्डाएवढे, एक ते तीन मिलिमीटर जाडीचे, आणि त्यांवर शाईच्या खुणा. प्राणवायू न पोहोचणाऱ्या ओल्या मातीमुळे ते कुजले नव्हते. अवरक्त किरणांनी छायाचित्रं घेतल्यावर अक्षरं उमटली. अॅलन बोमन आणि डेव्हिड थॉमस यांनी वर्षानुवर्षं खपून ती वाचली. आता अशा दीड हजाराहून जास्त पट्ट्या मिळाल्या आहेत. बहुतेक इ.स. ९० ते १२०च्या सुमाराच्या, म्हणजे हेड्रियनची प्रसिद्ध भिंत उभी राहण्याच्या आधीच्या.

सीझरचं पुस्तक म्हणजे वरिष्ठांना पाठवलेला अहवाल असेल, तर हे सर्व्हरचे लॉग आहेत. कुणाला प्रभावित करायला लिहिलेले नाहीत. बटाव्हियन तुकडीचे दैनंदिन अहवाल यात बरेच आहेत आणि जवळपास सगळे एकसारखे: सगळे आपापल्या जागी आहेत, सामानही आहे. आमच्याकडे दर मिनिटाला सर्व्हर ‘ठीक आहे’ असा निरोप पाठवतो, तसंच.

त्यात तुंग्री तुकडीचं एक हजेरीपत्रक आहे, १८ मेचं. एकूण माणसं ७५२. त्यांतली ४५६ ठाण्यावर नाहीत. ३३७ जण एकट्या कोरिया नावाच्या जवळच्या ठाण्यावर, ४६ गव्हर्नरच्या पहाऱ्याला, एक सेंच्युरियन लंडनला. उरले २९६. त्यांतले १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. लढायला तंदुरुस्त २६५. कागदावर साडेसातशेची तुकडी, हातात पावणेतीनशेच्याही आत. जखमींपेक्षा डोळे आलेले जास्त. साम्राज्याची सीमा रोजच्या रोज कशी राखली जाते, हे या एका पट्टीतून जितकं कळतं तितकं दहा सिनेमांतून कळत नाही.

आणि मग मोजे. कुणीतरी कुणाला तरी लिहिलं आहे, की तुझ्यासाठी मोजे, सपातांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्या आहेत. मास्क्युलस नावाचा घोडदळाचा नायक आपल्या वरिष्ठाला विचारतो, उद्या सगळ्यांनी परतायचं की निम्म्यांनी, आणि हो, पोरांकडची बिअर संपली आहे, पाठवायला सांगा. ऑक्टेव्हियस नावाचा पुरवठादार तगादा लावतो: धान्य घेतलं आहे, निदान ५०० दिनार रोख पाठव, नाहीतर दिलेला सुमारे ३०० दिनारांचा इसार बुडेल आणि माझी लाज जाईल. कातडी आणायला गाडी पाठवली असती, पण रस्ते खराब आहेत. रजेचे अर्ज आहेत. एका सैनिकाच्या खात्यावर दोन दिनारांची मिरी आहे, आणि मिरी तेव्हा यायची ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. शेजारच्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्याची बायको क्लॉडिया सेव्हेरा आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं पाठवते. मुख्य मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन फारच थोडं उरलं आहे.

लॉगही निरागस नसतात

इथे थांबणं सोपं आहे. अॅलन बोमन यांच्या ‘लाइफ अँड लेटर्स ऑन द रोमन फ्रंटियर’ने या पट्ट्या सामान्य वाचकापर्यंत नेल्या. तेव्हापासून त्यांच्यावरचं लोकप्रिय लेखन बहुतेकदा इथेच थांबतं. बघा, तेही आपल्यासारखेच होते! मोजे, बिअर, वाढदिवस. मला हा सूर पुरेसा वाटत नाही. ‘आपल्यासारखेच’ म्हणताना आपण नकळत ठाण्याच्या तटाच्या आत उभे राहतो.

तटाबाहेर कोण होतं? दीड हजारांवर पट्ट्यांत स्थानिक ब्रिटन माणसं अगदी मोजक्या ठिकाणी येतात. एका टिपणात त्यांच्या लढण्याच्या पद्धतीबद्दल माहिती आहे: अंगावर चिलखत नसतं, घोडेस्वार पुष्कळ आहेत, तलवारी वापरत नाहीत. आणि त्यांच्यासाठी वापरलेला शब्द आहे ‘ब्रिटुनकुली’. मराठीत त्याचा भाव ‘ही फाटकी ब्रिटनडी’ असा काहीसा होईल. मोजे पाठवणाऱ्या प्रेमळ जगातच हा शब्दही आहे.

दुसरी एक पट्टी आहे धान्याच्या हिशेबाची, कुणा व्यापाऱ्याची. तिच्या मागच्या बाजूला, त्याच हस्ताक्षरात, एका अर्जाचा मसुदा आहे. मला छड्यांनी रक्त येईपर्यंत मारलं, असं तो लिहितो. प्रीफेक्ट आजारी होता, म्हणून त्याच्याकडे दाद मागता आली नाही. बाकीच्या अधिकाऱ्यांकडे गेलो, उपयोग झाला नाही. हा अर्ज गव्हर्नरला, कदाचित खुद्द सम्राटाला उद्देशून असावा, असं अभ्यासकांना वाटतं. पण त्याचा युक्तिवाद वाचा: मी निरपराध आहे, आणि मी समुद्रापलीकडून आलेला माणूस आहे, मला असं मारायला नको होतं. दुसऱ्या मुद्द्याचा अर्थ सरळ आहे. इथल्या माणसाला मारलं असतं तर त्यात अर्ज करण्यासारखं काही नव्हतं. सत्तेची उतरंड सीझरने सात भागांत सांगितली नाही, ती या माणसाच्या वळ उठलेल्या पाठीने एका वाक्यात सांगितली. लॉग तेवढंच नोंदवतो, जे यंत्रणेला नोंदवावंसं वाटतं. त्या दिवशी मार खाल्लेल्या एखाद्या ब्रिटनचा लॉग नाही, कारण त्याची नोंद करायला कुणी बसलं नव्हतं.

आता ते हजेरीपत्रक पुन्हा पाहू. तुंग्री तुकडी. हे तुंग्री कुठले? अँबिओरिक्सने दीड लीजन कापल्यावर सीझरने इ.स.पू. ५३मध्ये एब्युरोन जमातीचं नाव पुसून टाकायचं ठरवलं. त्यासाठी शेजारच्या जमातींना त्यांना लुटायचं खुलं आमंत्रण दिलं. कारण तो स्वतःच सांगतो: जंगलात रोमन सैनिकांपेक्षा गॉल लोकांचेच जीव धोक्यात पडलेले बरे. त्या मुलखात पुढे जे वसले ते तुंग्री. बेल्जियममधल्या टोंगरन शहराला त्यांचंच नाव आहे, आणि त्याच शहरात १८६६पासून अँबिओरिक्सचा पुतळा उभा आहे. दीडशे वर्षांनी तुंग्रींची पोरं रोमच्या बाजूने ब्रिटनच्या थंडीत उभी होती, त्यांतल्या दहांचे डोळे आले होते. सीझरचा अहवाल आणि विंडोलांडाचा लॉग ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. जिंकलेल्यांकडून पुढचे जिंकून घ्यायचे.

आणखी एक पट्टी, विंडोलांडाची नव्हे, लंडनच्या मातीत सापडलेली, साधारण त्याच काळातली. ते खरेदीखत आहे. व्हेजेटस नावाचा माणूस, जो स्वतः सम्राटाच्या एका गुलामाचा गुलाम आहे, फोर्तुनाटा नावाची मुलगी ६०० दिनारांना विकत घेतो. म्हणजे सैनिकाचा साधारण दोन-अडीच वर्षांचा पगार. मुलगी निरोगी आहे, पळून जाणारी नाही, अशी हमी दिली आहे. तिचं नाव हेच किंवा दुसरं काही असेल ते, असंही कलम आहे. आणि जात लिहिली आहे: दियाब्लिंती. हे नाव मी आधी वाचलं होतं. सीझरच्या तिसऱ्या भागात, इ.स.पू. ५६मध्ये व्हेनेटी जमातीच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांच्या यादीत. तिथे ते फक्त एक नाव आहे, इतर नावांच्या मधोमध.

सीझरला कमी लेखायचा माझा हेतू नाही. तो थोर लेखक आहे आणि अडचण त्याच्या थोरपणातच आहे. तो नसता तर मांदुबी तटाबाहेर रडत उभे होते हे आपल्याला त्या दिवसाच्या साक्षीदाराकडून कधीच कळलं नसतं. वाईट प्रचारक ती ओळ गाळतो. सीझर ती ठेवतो, आणि वाचकावर तिचा भार पडणार नाही अशा जागी ठेवतो. तो भार पुन्हा जागेवर आणणं हे वाचकाचं काम.

विंडोलांडाच्या पट्ट्या अनुवादासह ऑनलाइन मोफत आहेत, फोनवर नीट उघडतात. सुरुवात १५४ क्रमांकाच्या हजेरीपत्रकाने करा, मग ३४४ क्रमांकाचा तो अर्ज वाचा. त्यानंतर सीझरचा सातवा भाग काढा आणि ७८वं प्रकरण आधी, ७७वं नंतर वाचा. जेमतेम पंधरा मिनिटं लागतात.